तळटीप : ‘पाचारण’

१२. पाचारण : एरवी निरोप धाडून बोलावणे, मराठी ख्रिस्ती मंडळींत मात्र देवाने सेवेसाठी घातलेली हाक. रेव्हरंड ना. वा. टिळकांना ती एकदम ऐकू आली नाही. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला; त्यातले डोंगरावरील प्रवचन त्यांना सोडेना. बाप्तिस्मा १८९५, पाळकदीक्षा १९०४. पण मला सर्वांत मोठा वाटतो तो १९१७ चा निर्णय : पन्नाशी उलटल्यावर मिशनचा बांधलेला पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा; त्यांचे पाचारण स्वतंत्र धरावे. — संपा.