वाण्याची यादी आणि मजुरीचा हिशेब



‘यादी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो परका वाटतच नाही. मुळात तो फारसीतून आलेला. ‘याद’ म्हणजे आठवण. आणि जे विसरता कामा नये ते कागदावर मांडले म्हणजे यादी झाली. मराठेशाहीच्या कारभारात ‘याद’ हा कागदाचा एक स्वतंत्र प्रकारच होता, आणि मोडीत लिहिलेले तसले कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. आपल्या लग्नकार्यातही दोन्हीकडची वडील मंडळी एकत्र बसून देण्याघेण्याच्या याद्या करीत व त्यांवर सह्या होत. तोंडचा शब्द फिरतो, लिहिलेले फिरत नाही, असा त्यामागे भरवसा.

आज आम्ही बोलणार आहोत ते राजेरजवाड्यांच्या यादीविषयी नव्हे, तर दर महिन्याला वाण्याकडे जाणाऱ्या यादीविषयी. विषय किरकोळ वाटेल. पण गेल्या दीडशे वर्षांत मजुरीवरून जी भांडणे झाली, ती शेवटी याच यादीवरून झाली, असे आमचे म्हणणे आहे.

ही यादी असते तरी कशी? वर ‘श्री’, खाली ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, तिखट, हळद, मीठ, चहा, साखर, साबण, काडेपेटी. घरची बाई सांगते आणि शाळेत जाणारे पोर लिहिते. मालकाच्या हिशेबवहीइतकीच ही यादी काटेकोर असते. फरक एवढाच की मालक जमेवरून खर्चाकडे येतो. मजुराच्या घरी जमेचा आकडा आधीच ठरलेला, म्हणून यादीलाच कात्री लागते. ही कात्री कोणत्या क्रमाने चालते तेही कामगार वस्तीत राहणाऱ्याला ठाऊक असते. आधी तूप जाते, मग फळ, मग दूध. तेल पावशेरावर येते. मीठ आणि ज्वारी शेवटपर्यंत टिकतात. तेवढ्यानेही भागले नाही तर वाण्याच्या वहीत उधारीचे खाते निघते. गरजेची यादी आपल्या हाती, कर्जाची यादी वाण्याच्या हाती. आणि दोन्हींच्या मधे पगाराचा कागद. कामगाराचा संसार या तीन कागदांत मावतो.

यादी कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाला इतिहासात फार महत्त्व आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या शिवछत्रपतींच्या बखरीत राज्याच्या संग्रहाची लांबलचक यादी आहे; नाणी, जवाहीर, कापड, मसाल्याचे जिन्नस सगळे मोजून लिहिलेले. ती राज्य उभारणाऱ्याची यादी. आपल्या नागपूरनेही एक यादी पाहिली, ती राज्य बुडविणाऱ्याची. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. मग वाड्यातील चीजवस्तूंची मोजदाद झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, त्याचा उपयोग झाला नाही. मालमत्ता त्यांची होती, पण यादी दुसऱ्याच्या हाती होती.

पुढे १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी आली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शेतावरचा आणि मागावरचा माणूस गिरणीत गेला. घरचे धान्य कणगीत असेतोवर त्याला यादीची गरज नव्हती. रोख मजुरी हातात आली, सगळे विकत घेणे आले, आणि वाण्याची यादी त्याच्या घरात शिरली.

याच सुमारास या यादीला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती दादाभाई नौरोजींनी. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधात त्यांनी मोठी युक्ती केली. परदेशी नेल्या जाणाऱ्या गिरमिट्या मजुरांना जहाजावर काय खावयास द्यावे, याचे प्रमाण सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविले होते: तांदूळ वा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, मोहरीचे तेल, मीठ. दादाभाईंनी सरकारचीच ही यादी उचलली, तिची बाजारभावाने किंमत केली, आणि दरडोई वीसेक रुपयांच्या वार्षिक उत्पन्नात हिंदी माणसाला ती परवडत नाही असे दाखवून दिले. तुरुंगातील कैद्यांवरचा खर्चही जोडीला मांडला. सरकारला स्वतःची यादी नाकारता येईना. आज दारिद्र्यरेषेविषयी जे बोलले जाते त्याचा आपल्याकडील आरंभ येथे आहे.

तिकडे युरोपात १८५७ साली अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम सांगितला: घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. आपल्या बाया हे न शिकता जाणतात. पण बाईचे जाणणे पुराव्यात धरले जात नाही, आकड्यांत बसविले की धरले जाते.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. त्याचा अहवाल १९२३ साली फिंडले शिरास यांनी प्रसिद्ध केला. त्यात असे निघाले की गिरणी कामगार दुष्काळी कामावरील मजुरासाठी ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतकेच धान्य खातो, पण तुरुंगातील कैद्याला जेवढे मिळते तेवढे त्याला मिळत नाही. हे कोणा चळवळ्याचे भाषण नव्हते. सरकारी छापखान्यातून निघालेला निष्कर्ष होता. नागपूर व जबलपूर या शहरांसाठीही पुढे जानेवारी १९२७ चे भाव १०० धरून राहणीमानाचा निर्देशांक काढला जाऊ लागला. इतवारीतले भाव त्या दिवसापासून मजुरीच्या वादात साक्षीदार झाले.

निर्देशांक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना तो जादूचा आकडा वाटतो. जादू काही नाही. सरकार काही हजार कुटुंबांना विचारते की महिनाभरात तुम्ही काय काय घेता. त्यांच्या याद्या एकत्र करून एक मोठी यादी बनवते. शंभर रुपयांतले किती रुपये कशावर जातात तो त्या जिनसेचा ‘भार’. मग महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या बाजारात त्याच जिनसांचे भाव पाहावयाचे आणि भाराप्रमाणे बेरीज करावयाची. त्या बेरजेवर महागाई भत्ता हलतो. म्हणजे यादीत एखादी जिन्नस नसली, तर ती कितीही महाग होवो, भत्त्याच्या लेखी ती महाग झालीच नाही.

दुसऱ्या महायुद्धात भाव कडाडले तेव्हा हे सर्वांना कळले. जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरांच्या महागाई भत्त्यासाठी १९४० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. राव यांची चौकशी बसली, आणि देशभर एकाच पद्धतीने कुटुंबांचे जमाखर्च तपासण्याची गरज पुढे आली. युद्धकाळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री असताना, अशा पाहण्या अनेक शहरांतून सुरू झाल्या. १९४६ च्या ऑक्टोबरात लेबर ब्यूरो स्थापन झाला. आजही हा निर्देशांक तोच काढतो.

स्वातंत्र्यानंतर याच्या पुढचे पाऊल पडले. आजवर प्रश्न होता, कामगार काय खातो? जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने विचारले, त्याला काय मिळावयास हवे? सरकार, मालक व कामगार यांच्या संमतीने तेथे एक यादी ठरली: मिळवत्या माणसामागे तीन खाणारी माणसे धरावयाची, प्रत्येकी डॉ. ॲक्रॉइड यांच्या प्रमाणानुसार अन्न, कपडा माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबास ७२ वार, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के. पुरुष १, बाई ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, असे हे तीन भरतात. दिवसभर राबून सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला ०.८ कोणत्या न्यायाने, हे आम्हांस अजून उमगलेले नाही. आणि म्हातारे आईबाप तर या यादीत मुळीच नाहीत.

ही उणीव पुढे न्यायालयाने काही अंशी भरली. रेप्टाकोस ब्रेट खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभासह थोडीबहुत करमणूक, म्हातारपणाची व लग्नकार्याची तरतूद यांसाठी किमान वेतनात आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. पोळा आणि दिवाळी कामगाराच्या गरजेत मोडतात, हे कायद्याने मानावयास स्वातंत्र्यानंतर चव्वेचाळीस वर्षे लागली.

यादी लिहिणे जसे महत्त्वाचे तसेच ती तपासणेही. मुंबईच्या निर्देशांकात खरी महागाई दिसत नाही, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. अखेर १९६३ साली महाराष्ट्र सरकारने प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि निर्देशांक कमी दाखविला जात होता असे तिला आढळले. दुरुस्ती झाली. गणित चुकत होते हे प्रथम ओळखले ते गणितज्ञांनी नव्हे. पगार पुरत नाही हे ज्यांना महिनाअखेरीस दिसत होते त्यांनी.

आता आजची गोष्ट. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेली मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाली. यादीतील जिनसा ३९२ वरून ४६३ झाल्या, केंद्रे ७८ वरून ८८. त्यांत नागपूर आहे. ही सुधारणा आम्ही मनापासून मानतो. जुन्या काळची यादी घेऊन आजचा संसार मोजता येत नाही. पण त्याच वेळी अन्नपेयांचा भार ४६.२० वरून ३९.१७ वर आला. याचा अर्थ असा: खाण्याचे सर्व जिन्नस शेकडा १० महागले, तर पूर्वी निर्देशांकात ४.६ टक्क्यांची भर पडली असती, आता ३.९ ची पडते. एंगेलच्या नियमाप्रमाणे अन्नाचा वाटा घटणे हे सुधारणेचे लक्षण आहे, आणि ज्यांच्या घरी ती सुधारणा झाली त्यांचा हिशेब बरोबरच आहे.

प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. या पाहणीतील कुटुंबे कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे या सात क्षेत्रांतून निवडलेली असतात. इतवारीत पाठीवर पोती वाहणारा हमाल, घरोघर भांडी घासणारी बाई, इमारतीवरचा बिगारी यांची यादी त्यात नाही. त्यांच्या शंभरातले किती रुपये ज्वारी-तेलावर जातात? नागपूरच्या कापड गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा हजारो घरे एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेली. सात क्षेत्रांतून सुटली, मोजणीतूनही सुटली.

ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्याला हक्क नाही, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल कायदा हे त्याचे उत्तम उदाहरण. त्या कायद्याने हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आले, आणि त्या नोंदीमागून मजुरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे आले. आधी यादी, मग हक्क.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. वाण्याकडची यादी सामान आले की फेकून देऊ नका; भावासकट वर्षभर जपून ठेवा. घरात जे आणावयाचे होते पण आणता आले नाही, तेही तिच्याखाली लिहा. कारण सरकारी पाहणी विचारते की काय घेतले, काय राहिले ते विचारीत नाही. एका मोहल्ल्यातील पन्नास घरांनी हे केले तर वेतनाच्या बोलणीत पुढे ठेवावयास तो मोठा कागद होईल. दादाभाईंनी सरकारची यादी सरकारपुढे ठेवली. आपण आपली ठेवू.