पत सावरताना महागडे कार्ड घ्यावे काय?

प्रतिनिधी

कर्जाचे हप्ते थकले, कार्डाचे बिल तडजोडीने मिटवले किंवा कोणाला जामीन राहून फसगत झाली, की त्याची नोंद पतअहवालात होते. पुढे घरासाठी अथवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर ‘सिबिल कमी आहे’ एवढ्याच शेऱ्यावर अर्ज परत येतो. नेमके अशाच वेळी ‘सिबिल न पाहता कार्ड’ देऊ करणारे दूरध्वनी येऊ लागतात. प्रवेश शुल्क, वार्षिक शुल्क, विमा, सदस्यत्व असा लवाजमाही त्या कार्डासोबत असतो. बिघडलेली पत सावरण्यासाठी हा खर्च खरोखर आवश्यक आहे काय आणि त्याला पर्याय कोणते, याचा हा आढावा.

गुण कशाचे मिळतात?

देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. यांपैकी सिबिलची स्थापना २००० मध्ये, म्हणजे सर्वांत आधी झाल्याने तिचेच नाव बोलण्यात रूढ झाले. सिबिलचे गुण ३०० ते ९०० या पट्ट्यात असतात आणि ७५० च्या पुढील गुण बँका सामान्यतः चांगले मानतात.

हप्ते वेळेवर भरले की नाही, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, कर्जखाती किती जुनी आहेत, तारणी व विनातारण कर्जांचे प्रमाण काय आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, यांवर हे गुण प्रामुख्याने ठरतात. कार्डासाठी किती शुल्क मोजले, याचा रकाना अहवालात नसतो. पाच हजार रुपये शुल्काचे कार्ड आणि विनाशुल्क कार्ड, दोन्हींची बिले वेळेवर भरली तर नोंद सारखीच होते. पत सावरण्याचा सारा हिशेब या एका गोष्टीपासून सुरू होतो.

महागड्या कार्डाचा हिशेब

उदाहरणादाखल २० हजार रुपये मर्यादेचे कार्ड घेऊ. प्रवेश शुल्क १,५०० आणि वार्षिक शुल्क १,५०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर ३,५४० रुपये होतात. ही रक्कम पहिल्याच बिलात येते. म्हणजे एक रुपयाचीही खरेदी न करता मर्यादेचा १७.७ टक्के भाग संपला. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे जाणकार सांगतात. इथे त्यातील निम्म्याहून अधिक वाटा शुल्कानेच खाल्ला.

बिल पूर्ण भरता आले नाही, तर खरे दुखणे सुरू होते. दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज असलेल्या कार्डावर २० हजारांची थकबाकी राहिली तर महिन्याचे व्याज ७०० रुपये होते. त्यावर कर १२६ रुपये. ग्राहकाने ‘किमान देय’ म्हणून १,००० रुपये भरले, तरी मुद्दल फिटते अवघे १७४ रुपये. शिवाय आधीची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. रोख रक्कम काढल्यास तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

या व्याजाला कमाल मर्यादा नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला.

शुल्काच्या प्रश्नावर अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे पत बिघडलेल्यांना मर्यादेचा मोठा भाग शुल्कातच गिळणारी कार्डे विकली जात. अखेर २००९ च्या कायद्याने पहिल्या वर्षातील शुल्कावर मर्यादेच्या २५ टक्क्यांचे बंधन घातले. आपल्याकडेही ग्राहकाने शुल्क नुसते पाहू नये. ते मर्यादेच्या किती टक्के आहे, हे काढून पाहावे.

मुदत ठेवीवरील कार्ड

अनेक बँका मुदत ठेव तारण घेऊन कार्ड देतात. मर्यादा ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के असते. ठेव गोठवली जाते, मात्र तिच्यावरील व्याज सुरूच राहते. बँकेची जोखीम कमी असल्याने गुण कमी असलेल्यांनाही हे कार्ड मिळू शकते आणि शुल्क बहुधा नसते किंवा किरकोळ असते. वीजबिल, मोबाइल असे दोन ठरलेले खर्च त्यावर करावेत आणि बिल मुदतीपूर्वी पूर्ण भरावे. त्यापलीकडे फार काही करावे लागत नाही.

ठेव तारण आहे म्हणून निर्धास्त राहणे मात्र घातक ठरते. बिल थकले तर बँक ठेवीतून वसुली करतेच, शिवाय थकबाकीची नोंदही अहवालात जाते.

ठेवीपुरती रक्कम हाती नसेल, तर वरील उदाहरणातील शुल्काचे ३,५४० रुपये बाजूला ठेवावेत आणि दरमहा १,१०० रुपयांची भर घालावी. सहा महिन्यांत १०,१४० रुपये जमतात. शुल्कापोटी गेलेला पैसा परत येत नाही, ठेवीतला पैसा आपलाच राहतो.

इतर मार्ग

ठेव आधीच असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर छोटे कर्ज घेता येते. त्याचा दर साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो. सोनेतारण कर्जाचीही पतअहवालात नोंद होते. मात्र केवळ गुण वाढावेत म्हणून गरज नसताना दागिने गहाण ठेवण्यात शहाणपण नाही.

मराठी घरांत अडीनडीला भिशी आणि पतसंस्था कामी येतात. भिशीची नोंद कोठेच होत नाही. सर्वच पतसंस्थाही पतमाहिती कंपन्यांना माहिती देत नाहीत. त्यामुळे पत सुधारावी या हेतूने पतसंस्थेचे कर्ज घेताना ही बाब आधीच विचारून घ्यावी. पतसंस्थेतील ठेवींना बँक ठेवींसारखे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, हेही ध्यानात असावे.

मोबाइल ॲपवरून कर्ज घेण्यापूर्वी ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत आहे काय, हे पाहावे. जुलै २०२५ पासून ही यादी उपलब्ध आहे.

आधी जुने निस्तरा

नवे कार्ड घेण्यापूर्वी स्वतःचा अहवाल मागवावा. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. मात्र कार्डासाठी एकाच महिन्यात चार-पाच ठिकाणी अर्ज केल्यास ते होऊ शकतात.

अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा असेल, तर पूर्ण रक्कम न घेता खाते मिटवले, असा त्याचा अर्थ होतो. शक्य असल्यास उर्वरित रक्कम भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि नोंद बदलून घ्यावी. जुनी थकबाकी तशीच ठेवून नव्या कार्डाने गुण वाढण्याची अपेक्षा करणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

नोंद चुकीची असेल तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली न निघाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पतमाहिती कंपन्या २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेतही आल्या आहेत. खरी नोंद पैसे घेऊन पुसून देतो, असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या हाती ते अधिकार नसतात.

कार्ड घेताना

ज्याच्याकडे ठेवीपुरते पैसे आहेत, त्याने महागड्या कार्डाच्या वाटेला जाऊ नये. अन्य कोणताच मार्ग नसेल आणि ते घ्यावेच लागले, तर देणारी संस्था कोण, एकूण शुल्क किती, ते दरवर्षी लागणार काय आणि व्याजाचा वार्षिक दर काय, हे लेखी घ्यावे. मागणी नसताना कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांनुसार मनाई केली आहे. कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास, थकबाकी नसताना ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते. अन्यथा संस्थेला प्रतिदिन ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

जानेवारी २०२५ पासून पतमाहिती किमान दर पंधरवड्याला अद्ययावत करणे बंधनकारक झाल्याने वेळेवर केलेला भरणा अहवालात लवकर दिसू लागला आहे. तरीही मागील ३६ महिन्यांचा भरण्याचा तपशील अहवालात दिसतो, हे विसरून चालणार नाही. पत महिन्या-दोन महिन्यांत सावरत नाही. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे न चुकता बिले भरावी लागतात आणि ते काम विनाशुल्क कार्डावरही तितकेच चोख होते.