परसातली जीप

दसऱ्याला घरोघरी हत्यारांची पूजा होते. वाईच्या आमच्या आजोळी त्या दिवशी पाट्यावर विळा-कोयत्याशेजारी दोन पाने, एक हातोडी, एक कानस आणि एक जुनाट जॅक मांडलेला असे. झेंडूची सर्वांत मोठी माळ मात्र परसात उभ्या असलेल्या जीपच्या गळ्यात पडे. गाडीला गळा कुठे असतो, असे कोणी विचारील. आमच्या मामांच्या जीपला तो होता. दोन गोल दिव्यांच्या मधोमध, पोलादी जाळीच्या खाली.

मामा पेशाने शेतकरी आणि स्वभावाने मिस्त्री. 1959 साली एका लष्करी लिलावातून त्यांनी ही जीप बैलगाडीच्या मागे बांधून घरी आणली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गाडीचे इंजिन जाम झालेले, पत्रा गंजलेला आणि स्टिअरिंग डाव्या हाताला! मामी उंबऱ्यात येऊन एवढेच म्हणाली, "अहो, बैलांनी गाडी ओढलेली पाहिली होती, मोटार ओढलेली आजच पाहिली."

त्या जीपच्या निमित्ताने एका यंत्राचा इतिहास सांगण्याचा मोह मला आज होतो आहे. यंत्रांच्या इतिहासात राजेरजवाडे नसतात. पण हट्टी माणसे पुष्कळ असतात.

मोटारीचे इंजिन एरवी दोनच चाकांना जोर देते. उरलेली दोन नुसती फिरतात. चिखलात जोराची चाके रुतली की गाडी संपली. मग चारही चाकांना जोर का देऊ नये? कल्पना सोपी, पण अडचण पुढच्या चाकांची. त्यांनी फिरायचेही आणि वळायचेही. हॉलंडमधल्या स्पायकर कंपनीने 1903 साली चारही चाकांवर चालणारी शर्यतीची मोटार करून दाखवली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल या लहानशा गावी ऑटो झाखॉव आणि विल्यम बेसरडिक या दोघा मेहुण्यांचे यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. वळतानाही चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्याचे पेटंट त्यांनी 1908 साली मिळवले आणि आपल्या दुकानातच चार चाकांवर चालणारी मोटार जुळवली. पुढे त्यातून निघालेल्या एफ.डब्ल्यू.डी. कंपनीचे हजारो ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवीत होते. म्हणजे या विद्येचा एक पाया गावातल्या दुकानातच घातला गेला. मामांना हे ठाऊक असते तर त्यांनी मामीला किती वेळा ऐकवले असते!

जीपचा जन्म मात्र घाईत झाला. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला चपळ, हलकी, चारही चाकांची गाडी हवीशी झाली. 135 कारखानदारांना विचारणा गेली. अट अशी की पहिली गाडी 49 दिवसांत द्यायची. ही अट पाळली ती पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन-तीन दिवसांत आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत जाऊन उभी राहिली.

लष्कराने वजनाची पहिली मर्यादा घातली होती 1300 पौंड. ती कोणालाच पाळता येईना. विलिस कंपनीचे इंजिन सर्वांत दमदार, सुमारे 60 अश्वशक्तीचे. पण गाडी सर्वांत जड. वाढवून दिलेल्या मर्यादेतही ती बसेना. तेव्हा त्यांचा मुख्य अभियंता डेल्मर रूस याने गाडी सुटी करून एकेक भाग तपासला. बोल्ट आखूड केले, पत्रा बारीक केला. रंगाचा एक हातसुद्धा कमी केला, असे सांगतात. शेवटी विलिसचा नमुना पसंत पडला आणि फोर्डनेही त्याच बरहुकूम गाड्या काढल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीपगाड्या झाल्या.

या दोन कारखान्यांचे भाग एकमेकांना बसत. फोर्डचे लोक मात्र आपल्या बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' हे इंग्रजी अक्षर उठवीत. आमच्या परसात जीप सुटी होऊ लागली तेव्हा ही अक्षरे शोधण्याचे काम मामांनी मला दिले. गाडी विलिसची निघाली, पण एक चाक, काही बोल्ट आणि मागचा एक भाग फोर्डचा. युद्धात कुठेतरी, कोण्या अनोळखी शिपाई-मिस्त्रीने एका मेलेल्या गाडीचे अवयव दुसरीला लावले असणार. म्हणजे मामांच्या आधीच कोणीतरी ती जीप 'बदलली' होती. एक ध्यानात ठेवावे, मूळ म्हणतात ते नेहमीच इतके शुद्ध नसते.

ती दुरुस्ती दीड वर्ष चालली. गोठ्याच्या पडवीत तुळईला साखळी बांधून इंजिन उतरवले. सिलिंडरला बोअर मारायला ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले आणि मोठ्या मापाचे पिस्टन घेऊन परत आले. बेअरिंगे रॉकेलमध्ये धुवायला मामांनी हाताला लागली ती परात घेतली.

"अहो, ती माझी पुरणाची परात आहे!" मामी ओरडली.

"अगं, पुरणात तरी काय, वाटलेलीच डाळ. इथे जर्मनांना हरवलेली बेअरिंगे आहेत!"

परात रॉकेलचीच झाली. मामीने नवी घेतली, पण जुनीचा उल्लेख प्रत्येक होळीला केला.

गाडीच्या पोटातली खरी किमया म्हणजे गिअरपेटीच्या पाठीला असलेली दुसरी पेटी, ट्रान्सफर केस. तिला दोन दांडे. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने गती निम्मी करून जोर दुप्पट करायचा. पहिल्या गिअरात हा दुसरा दांडा ओढला की इंजिनाचे सुमारे 26 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. हाताचा ब्रेकही चाकांवर नसून या पेटीच्या मागच्या दांडीवर. मामा सांगत, "या पेटीला नमस्कार करायचा. इंजिन रुसलं तर गाडी थांबते. पण ही रुसली तर माणूस."

मामांचीच जीप अशी बदलली होती असे मात्र नाही. युद्ध सरले आणि जगभर या गाड्या उरल्या. विलिसने 1945 मध्येच शेतकऱ्यांसाठी निराळी जीप काढली. तिला मागून पट्टा जोडून करवत किंवा मळणीयंत्र चालवता येई. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या वेल्समधल्या शेतावर लष्करातून उरलेली जीप वापरीत. ती झिजली तर पुढे काय, या विचारातून 1947 साली जीपच्याच सांगाड्यावर रोव्हरचे इंजिन बसवून एक नमुना झाला. त्याचे स्टिअरिंग चक्क मधोमध होते! पोलाद दुर्मिळ होते म्हणून अंगाला ॲल्युमिनियम वापरले, आणि एप्रिल 1948 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. फिलिपाइन्समध्ये तर लोकांनी जीप लांब केली, समोरासमोर बाके टाकली, वर छत चढवले, रंगवली, नटवली आणि तिला 'जीपनी' नाव दिले. एके काळी टांगा हाकणाऱ्या लिओनार्दो सराव यांनी 1953 साली लास पिन्यास गावी त्यांचा कारखाना घातला.

आपल्याकडे हा मान मुंबईचा. 1945 साली स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि त्याच सुमारास माझगावात विलिसचे सुटे भाग आणून जीप जुळवू लागली. त्यामुळे खेडोपाडीच्या मिस्त्रींना सुटे भाग मिळू लागले, आणि ज्याला भाग मिळतो त्याला बदलायची बुद्धी होते.

मामांनाही ती झाली. पेट्रोल परवडेना. 1964 साली त्यांनी जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. गिअरपेटीशी ते जुळेना, म्हणून मध्ये बसवायला पोलादी चकती लेथवर कातून घेतली. तिचा मध्य केसभरही हलू नये म्हणून मामा तीन दिवस घरी जेवले नाहीत. मामी डबा घेऊन लेथवाल्याकडे गेली. इंजिन सुरू झाले तेव्हा आळीतली कबुतरे उडाली. मामा खूश होते, आणि मीही.

त्या श्रावणात आम्ही पाचगणीहून बटाट्याची पोती घेऊन पसरणीचा घाट उतरत होतो. मामा, मामी, मी आणि पोत्यांवर बसलेले दोन गडी. पाऊस चालू होता. मामांनी वरूनच दोन्ही दांडे ओढून घेतले होते. चौथ्या की पाचव्या वळणावर मामांचा पाय खाली गेला आणि ब्रेकचा पेडल फळीला टेकला. दुसऱ्यांदा दाबला, तसाच. उजवीकडे दरी होती. मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा मला आजही आठवतो. त्यात भीती नव्हती. हिशेब चुकलेल्या माणसाची शरम होती.

त्यांनी क्लच दोनदा दाबून गाडी दुसऱ्यातून पहिल्यात घातली. गाडीने किंकाळी फोडली, पण तिची चाल मुंगीची झाली. मग हातब्रेक हळूहळू ओढला. पुढची-मागची चाके एकाच पेटीत जखडलेली असल्याने तो एक ब्रेक चौघांना पुरला. कातळाच्या बाजूला गाडी टेकून थांबली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मामी म्हणाली, "बटाटे सांडले नाहीत ना?" आणि रडू लागली.

खाली वाकून मामांनी पाहिले. पुढच्या चाकाची ब्रेकची रबरी नळी कापली गेली होती. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. नवे इंजिन जड. त्याच्या भाराने पुढच्या कमानी दबल्या. कमानी दबल्या म्हणून नळी खाली आली, आणि चाक पूर्ण वळले की टायर तिला घासू लागला. त्या गाडीला ब्रेकचे तेल एकाच वाटेने जाई. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मामांनी इंजिनाचा मध्य केसाकेसाने मोजला होता. इंजिनाचे वजन मात्र मोजले नव्हते. रूसने बोल्ट आखूड का केले असतील, ते मला फार पुढे, हा इतिहास वाचताना कळले. यंत्रात एक गोष्ट बदलली की तिच्या शेजारच्या साऱ्या गोष्टी न सांगता बदलतात. घरातही असेच असते.

मामांनी पुढे कमानींना एकेक पाटा वाढवला, नळ्या नव्या टाकून वरून बांधल्या. ते मला म्हणाले, "पळवायचं आधी शिकलो रे मी. थांबवायचं आधी शिकायला हवं होतं." त्यानंतर ती जीप वीस वर्षे उसाच्या मोळ्या, बाळंतिणी, वऱ्हाडे आणि एकदा गावचा गणपती वाहत राहिली. मग परसात थांबली, ती थांबलीच.

आता मामा-मामी नाहीत. त्यांची नात पुण्यात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी तिने मला विचारले, "आबा, जीप पुन्हा उभी करायची आहे. मूळची करू, की आजोबांची राहू देऊ?"

प्रश्न साधा नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच बजावले. पसरणीचा तो घाट ज्याने पाहिला आहे, त्याला हा कायदा जाचक वाटणार नाही. 2021 पासून पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणीही होते. पण सांगाडा, अंग आणि इंजिन मोठ्या फेरफाराविना हवे. म्हणजे मामांचे डिझेल इंजिन ठेवले तर गाडी त्या मानाला मुकणार, आणि काढले तर मामाच निघून जाणार!

मी तिला वरचा सगळा इतिहास सांगितला. बँटमचा, विल्क्सचा, सराव यांचा आणि त्या 'एफ' अक्षराचा. म्हटले, "पोरी, जीप बदलत आली म्हणूनच जगली. पण प्रत्येक बदलणाऱ्याने आपली गरज मोजून बदल केला. आजोबांची गरज शेताची होती. तुझी कोणती?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी गरज आठवणीची आहे."

दोन दिवसांनी तिने गोठ्याची माडी झाडायला घेतली. कडब्याखाली, गोणपाटात गुंडाळलेले, ग्रीसने माखलेले विलिसचे जुने इंजिन तिला सापडले. मामांनी ते विकले नव्हते. साठ वर्षे कोणाला सांगितलेही नव्हते. माणूस बदल करतो तेव्हा मनात परतीची वाट ठेवतो, हे त्या दिवशी मला कळले.

आता जुने इंजिन पुन्हा जागेवर जाणार आहे, आणि डिझेलचे इंजिन पडवीत चौथऱ्यावर राहणार आहे, मामांच्या तसबिरीखाली. काम मात्र इंजिनापासून सुरू झालेले नाही. नातीने सर्वांत आधी ब्रेक उघडले आहेत.

परवा मी गेलो तर ती ओसरीवर बसून बेअरिंगे धूत होती. पुढे रॉकेल होते आणि रॉकेल परातीत होते. आतून तिची आई म्हणाली, "अगं, ती फराळाची परात आहे!"

मी काही बोललो नाही. पण परसात जीपच्या गळ्यात दसऱ्याची माळ अजून सुकायची होती.