दोन दुखणी, एक उस्तवार

मराठी घरांत अर्धशिशी आणि वेड यांच्या वाटा पूर्वापार वेगळ्या राहिल्या. डोके उठले की सहाणेवर सुंठ उगाळायची, कपाळावर लेप घालायचा, फडके आवळून बांधायचे आणि खोलीत अंधार करायचा. मन बिघडले की देवऋषी, मंदिर किंवा दर्गा, आणि इंग्रजी अमलात त्यांच्या जोडीला वेड्यांचे इस्पितळ. पहिल्या दुखण्याची चौकशी शेजारीण ओट्यावरून करी, दुसऱ्याबद्दल घरातलेही दबक्या आवाजात बोलत. ही दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या वाट्याला आली, तर ती एकत्र पाहणारे माणूस घरातच असे आणि बहुधा ते नवरा किंवा बायको असे. या माणसाजवळची माहिती हा उपचाराचाच भाग असतो. ती नोंदीबाहेर टाकली गेली, आणि त्यामुळे दोन्ही दुखण्यांवरचे उपचार अर्धवट राहिले.

जुन्या वैद्यकाला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेत अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला अर्धावभेदक म्हटले आहे, आणि सूर्याबरोबर चढत जाऊन त्याच्याबरोबरच उतरणाऱ्या दुखण्याला सूर्यावर्त. उन्मादाचे प्रकरण वेगळे आहे. त्यात आप्तांनी धीर देण्याचा उपाय सांगितला आहे, तसा भीती दाखवण्याचाही सांगितला आहे. पण याच ग्रंथात उपचाराचे चार पाय सांगताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारकाला बसवले आहे. त्याच्या अंगी कोणते गुण हवेत, तर उपचाराचे ज्ञान, दक्षता, स्वच्छता आणि रोग्याविषयी अनुराग. जिव्हाळ्याला इथे कौशल्याच्या पंगतीत जागा मिळाली आहे.

पुढे ही जागा गेली. नागपूरचे मनोरुग्णालय 1864चे, ठाण्याचे 1901चे. अशा संस्थांची रचना रोग्याला घरापासून दूर ठेवण्यावर उभी होती. 1912च्या कायद्याने रोग्याला दाखल करण्याचा अर्ज शक्यतो पतीने किंवा पत्नीने करावा असे म्हटले. म्हणजे जोडीदाराची कायद्याने नेमलेली मुख्य भूमिका अर्जदाराची झाली, सोबत करणाऱ्याची नव्हे. घर आणि इस्पितळ यांमधली ही भिंत पुढे भारतातच हलू लागली. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रोग्यांबरोबर राहायला बोलावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर 1957पासून घरचे माणूस सोबत असणे ही उपचाराची रीतच केली. घरच्यांना आजार समजला की घरी परतलेला रोगी सांभाळणे सोपे जाते, हा त्यामागचा व्यवहार होता.

दोन दुखण्यांमधली भिंत मात्र औषधांनी पाडली. नैराश्यासाठी आलेली अमिट्रिप्टिलीन ही गोळी पुढे अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, टाळण्यासाठीही देऊ लागले. व्हॅल्प्रोएट उन्मादातही चालते आणि अर्धशिशीतही. उलट, मनोविकारावरचे लिथियम घेणाऱ्याने डोके दुखते म्हणून दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. वेदनाशामक वारंवार घेतले तर त्यानेच डोकेदुखी वाढते. आता महिन्यात किती गोळ्या गेल्या, झोप कधी मोडली, डोके आधी उठले की मन आधी खचले, हा हिशेब ठेवतो कोण? मेंदूच्या डॉक्टरांपुढे रोगी डोक्याचे सांगतो, मनोविकारतज्ज्ञापुढे मनाचे. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डब्यात ठेवणारा हात जोडीदाराचा असतो.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो खरा आहे. उस्तवार बहुतेक बायकांच्याच माथी आली. महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा व्हिएडा स्कल्टन्स यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की रोग्यासोबत राहायला आलेल्या बायका घरच्याची पीडा आपल्या अंगावर घेऊ पाहत आणि त्यांच्याच अंगात येई. मग सोबतीचा गौरव करणे म्हणजे हेच ओझे पुन्हा लादणे नव्हे काय? गौरव करून थांबलो तर तसेच होईल. पण ज्या कामाची नोंदच नाही, त्यात वाटेकरी मागता येत नाही आणि विश्रांतीही मागता येत नाही.

दुसरा आक्षेप रोग्याच्या बाजूचा: जोडीदार पहारेकरी होऊन बसतो. त्यावर 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने वाट काढली आहे. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे रोग्याने स्वतः ठरवायचे. त्याने कोणाला नेमले असेल, तर लग्नाच्या नात्याने हा अधिकार आपोआप मिळत नाही. जोडीदाराने गोळ्यांचा हिशेब ठेवायचा तोही रोग्याच्या संमतीने आणि त्याच्या समोर. अमृतसरच्या तंबूंत नातेवाईक शिकायला बसले होते, राखण करायला नव्हे. आजच्या बाह्यरुग्ण विभागात तंबू नकोत. दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला, रोग्याची हरकत नसेल तर, आत बोलावून त्याच्याजवळचा हिशेब विचारावा, आणि त्याची स्वतःची झोप कशी आहे तेही.