बंदुकीचा दस्ता आणि अक्रोडाची झाडं

आज बंदुकीची नळी बाजूला ठेवू आणि दस्त्याकडे बघू. खांद्याला टेकतो ना, तो लाकडी भाग. कुठलंही लाकूड चालेल असं वाटतं, पण नाही. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने ते चिरता कामा नये, पावसात वाकडं होता कामा नये आणि खांद्यावर फार जडही नको. अक्रोड या तिन्ही परीक्षांत पास!

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला हेच लाकूड कमी पडायला लागलं, कारण विमानांच्या पंख्यांनाही ते लागायचं. मग १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी बॉय स्काउट मुलांना सांगितलं, काळ्या अक्रोडाची झाडं शोधून द्या. पोरांनी शोधलेलं लाकूड २ कोटी बोर्ड फुटांवर गेलं.

ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने पुढे क्वीन्सलंड मेपल आणि कोचवूड ही तिथलीच लाकडं वापरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बीचचे पातळ थर चिकटवून दस्ते बनवले. म्हणजे पर्याय होते.

मला खटकतं ते हेच. अक्रोड मोठा व्हायला कित्येक दशकं लागतात. आजोबांनी लावलेलं झाड नातवाने मोजलं, ते युद्धासाठी. आता जुनी रायफल संग्रहालयात दिसली, की आधी लाकूड बघा.