काळें विमान आणि उजळ आकाश

विमान आकाशांत असतें आणि सूर्यहि आकाशांतच असतो. त्यामुळें विमानाचें छायाचित्र घेणारास या दोघांचें नातें ओळखल्यावांचून गत्यंतर नसतें. सूर्य पाठीशीं घेऊन चित्र काढलें, तर विमानाचा खिळा न् खिळा दिसतो. सूर्य समोर ठेवून काढलें, तर विमान काळें होतें व त्याची नुसती छायाकृति उरते. ही छायाकृति कधीं मन वेधून घेते. कधीं ती केवळ बिघडलेली काच असते. विमान दोन्हींत सारखेंच काळें. मग एकीस कला म्हणावें आणि दुसरीस चूक, हा भेद कशाच्या आधारें करावयाचा? विमानविद्या आणि छायाचित्रण यांच्या पहिल्या भेटींचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें सांपडतें, असें मला वाटतें.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं उत्तर कॅरोलिनाच्या रेताड किनाऱ्यावर, किल डेव्हिल हिल्स येथें, राइट बंधूंचें यंत्र इंजिनाच्या बळावर प्रथम उडालें. त्या क्षणाचें जगप्रसिद्ध छायाचित्र जवळच्या जीवरक्षक ठाण्यांतील जॉन डॅनियल्स यानें घेतलें. परंतु त्याची सारी सिद्धता ऑर्व्हिल राइटनें आधींच करून ठेविली होती. यंत्र रुळावरून जेथें उचललें जाईल, त्या जागेवर कॅमेरा रोखलेला होता. डॅनियल्सनें फक्त रबराचा फुगा दाबावयाचा होता. वारा उत्तरेचा, म्हणून यंत्राचें तोंड उत्तरेकडे. कॅमेरा त्याच्या मागल्या अंगास. आणि सकाळीं साडेदहाचा हिंवाळी सूर्य दक्षिणेकडील आकाशांत, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीकडे. उड्डाण झालें अवघें १२ सेकंदांचें आणि १२० फुटांचें. त्या गडबडींत फुगा दाबला कीं नाहीं, हेंहि डॅनियल्सला खात्रीनें सांगतां येईना. डेटनला परतल्यावर काच धुतली, तेव्हां चित्र उमटलें. १९१३ च्या पुरांत त्या काचेचा एक कोपरा खराब झाला. पण यंत्र आणि त्याच्या बाजूस धांवणारा विल्बर शाबूत राहिले. येथें सौंदर्याची अपेक्षा नव्हती, साक्ष हवी होती. हें चित्र काळवंडलें असतें तर त्यास कोणीं कला म्हटलें नसतें. एक पुरावा दुबळा झाला असता, एवढेंच.

योगायोग असा कीं, त्याच १९०३ सालीं न्यूयॉर्कमध्यें आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यानें ‘कॅमेरा वर्क’ हें त्रैमासिक सुरू केलें. छायाचित्रास चित्रकलेच्या बरोबरीचा मान मिळावा, हा त्याचा आग्रह. १९१० सालीं त्यानें एका विमानाचें व एका हवाई जहाजाचें छायाचित्र घेतलें, आणि १९११ मध्यें ‘कॅमेरा वर्क’च्या छत्तिसाव्या अंकांत तीं दोन्हीं प्रसिद्ध झालीं. राइटांच्या चित्रांत यंत्र मोठें आणि स्पष्ट आहे. येथें तें विशाल आकाशांतील एक लहानसा काळा आकार आहे. त्याच्या बांधणीविषयीं हें चित्र फारसें कांहीं सांगत नाहीं. परंतु ढगांकडे पाहावें. उजळलेल्या कडांपासून गर्द करड्या पोटापर्यंत त्यांच्या छटा एकींतून दुसरींत उतरत जातात. यंत्राचा तपशील स्टिग्लिट्झच्या हातून निसटला नाहीं. त्यानें तो ढगांच्या मोबदल्यांत देऊन टाकला.

या मोबदल्याचा हिशेब शास्त्रानें वीस वर्षें आधीं मांडून ठेविला होता. फर्डिनंड हर्टर हा रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हा इंजिनिअर, या दोघांनीं इंग्लंडांत केलेलें संशोधन १८९० सालीं प्रसिद्ध झालें. काचेवर पडलेला प्रकाश आणि धुतल्यावर तिच्यावर येणारा काळेपणा यांचा संबंध त्यांनीं एका वक्ररेषेनें दाखविला. या रेषेचा मधला भाग सरळ चढत जातो. तेथें प्रकाशांतील भेद काचेवरहि भेद म्हणूनच उतरतो. दोन्ही टोकांस रेषा सपाट होत जाते. तेथें निरनिराळे प्रकाश एकमेकांत मिसळून जातात. आतां सूर्यासमोरचें विमान घ्या. आकाशाचा उजेड विमानाच्या सावलींतील पोटापेक्षां कितीतरी पट अधिक असतो, आणि दोहोंस मधल्या भागांत जागा मिळणें कठीण. जाणता छायाचित्रकार आकाश मधल्या भागांत ठेवतो आणि विमानास खालच्या टोकाकडे जाऊं देतो. अजाणत्यानें प्रकाश कमी दिला, तर विमानाबरोबर आकाशहि मळकट होतें. अधिक दिला, तर आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें होतें आणि विमान धड काळें ना धड स्पष्ट, असें उरतें. म्हणून निर्णय देतांना काळ्या विमानाकडे नव्हे, त्याच्या मागच्या आकाशाकडे पाहावें. आणि विमानाची कड पाहावी: पंख, शेपूट, चाकें वेगळीं ओळखूं येतात कीं नाहीं? कारण तपशील गेल्यावर बोलणारा असा एक आकारच उरतो.

मग कला म्हणजे नुसतें गणितच काय? ही शंका पीटर हेन्री इमर्सनलाहि आली होती. १८८९ च्या ग्रंथांत त्यानें छायाचित्रणाच्या कलापणाचा हिरिरीनें पुरस्कार केला. पण लवकरच, हर्टर-ड्रिफील्डांचे निष्कर्ष पाहून, त्यानें आपलें म्हणणें मागें घेतलें. छटांचें प्रमाण माणसाच्या हातीं नसेल, तर कलावंतास उरलें काय, असें त्यास वाटलें. ही निराशा मला घाईची वाटते. गणांचे नियम कवीनें घातलेले नसतात; म्हणून श्लोक कवीचा नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. स्टिग्लिट्झचा सहकारी एडवर्ड स्टायकेन प्रथम धूसर, चित्रवत् छायाचित्रांबद्दल ख्यात होता. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन हवाई दलासाठीं आकाशांतून छायाचित्रें घेण्याचें काम त्याच्याकडे आलें, आणि तेथें धूसरपणा कुचकामाचा होता. युद्धानंतर त्यानें एक पांढरा कप व बशी समोर ठेवून, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा हातीं याव्या म्हणून, हजारावर वेळां त्यांचें छायाचित्र घेतलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन नौदलाच्या विमानांचें छायाचित्रण करणाऱ्या तुकडीचा तो प्रमुख झाला. विमान केव्हां काळें होऊं द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार अशा माणसास होता.

आज हा हिशेब कॅमेऱ्यांतील मापक आपोआप करतो. उजळ आकाश पाहून तो प्रकाश आवरतो, आणि कोणाच्याहि इच्छेवांचून विमान काळें पडतें. उलट संगणकावर कोणतीहि सावली क्षणांत उजळतां येते, आणि जाणून राखलेला अंधारहि ‘दुरुस्त’ होतो. अपघातास कला म्हणणें व कलेस अपघात समजून पुसून टाकणें, दोन्हीं सोपीं झालीं आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास दोन्हींचें भय सारखेंच. राइटांना साक्ष हवी होती, स्टिग्लिट्झला आकाश हवें होतें. काय ठेवावयाचें आणि काय सोडावयाचें, हें त्यांनीं शटर उघडण्यापूर्वीं ठरविलें होतें. ज्यानें तें ठरविलेंच नाहीं, त्याच्या काळ्या विमानामागें सूर्यास्ताची शोभा कितीहि असली, तरी त्यास कलेचा मान देतांना परीक्षकानें थोडें थांबावें.