पत आणि पृच्छा

'बाजारांत त्यांची पत आहे' असें आपण सहज बोलून जातों. परंतु ती पत कोणी, कशी आणि कोणास विचारून ठरविली, याचा विचार क्वचितच करतों. कर्ज मागणाराची चौकशी धनकोनें करावी, हा व्यवहार फार जुना. नवी आहे ती एवढीच गोष्ट कीं, आज त्या चौकशीचीहि नोंद होते, आणि ती पुढच्या धनकोच्या दृष्टीस पडते.

आपल्याकडील पेढ्यांवर पूर्वीं 'शहाजोग' नांवाची हुंडी चालत असे. ती कोणाहि धारकास वटवून मिळत नसे. हुंडी आणणारा 'शहा', म्हणजे बाजारांत मान्यता असलेला गृहस्थ, आहे कीं नाहीं याची खातरजमा करूनच पेढीवाला पैसे मोजी. खातरजमा न करतां पैसे दिले आणि हुंडी चोरीची निघाली, तर झळ त्यालाच लागे. तेथें चौकशी हें पेढीवाल्याचें कर्तव्य होतें; ती झाली म्हणून हुंडी आणणाराची पत तिळभरहि उतरत नसे.

खेड्यांतील प्रकार निराळा. आमचें मानोरा हें वऱ्हाडांतील गांव. आज तें वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. येथील कास्तकारास पैसा लागतो मृगाच्या तोंडावर, आणि कापूस घरांत येतो दिवाळीच्या सुमारास. मधलें अंतर सावकार भरून काढी. त्याला कोणाकडे विचारावयास जावें लागत नसे. शेत किती, बैल कसे, घरांत लग्नाच्या मुली किती, हें सारें त्यास मुखोद्गत. मात्र तें ज्ञान त्याच्याच वहींत राही, आणि ज्याच्याविषयीं तें लिहिलेलें असे त्या कुळास ती वही वाचतांहि येत नसे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हां कर्ज सढळ हातानें मिळालें. भाव उतरतांच तेंच गळ्याशीं आलें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, तो आसपास पसरला, आणि ठिकठिकाणीं कुळांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. माणसांपेक्षां कागदांवरच त्यांचा रोष अधिक होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें १८७९ च्या कायद्यानें न्यायालयास खताच्या मागें जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. चौकशीचा रोख प्रथमच धनकोकडे वळला! मध्यप्रांताच्या १९३४ च्या सावकारी कायद्यानें तर सावकारानें नीट हिशेब ठेवावा व ऋणकोस दरसाल त्याचा उतारा द्यावा, असें बंधन घातलें. माझ्या मतें कर्जमाफीच्या अनेक घोषणांहून या उताऱ्याचें मोल अधिक आहे.

परक्याच्या पतीची माहिती गोळा करून विकण्याचा धंदा मात्र पश्चिमेकडचा. १८३७ च्या व्यापारी मंदीत पोळलेल्या लुइस टॅपन यानें १८४१ मध्यें न्यूयॉर्क येथें तशी पेढी काढली. आपल्याकडे २००० मध्यें 'सिबिल' ही संस्था स्थापन झाली आणि २००५ मध्यें पतमाहिती संस्थांचा कायदा आला. आज अशा संस्था चार आहेत. पण वनस्पती तुपास जसें सरसकट डालडा म्हणत, तसें खेड्यांत चौघींचेंहि नांव सिबिलच.

अर्ज आला कीं बँक या संस्थेकडून अर्जदाराचा अहवाल मागविते. कोणी, कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रकारच्या कर्जासाठीं विचारलें, हें त्यांत टिपलें जातें. ३०० ते ९०० या गुणांकांत मुख्य भार असतो तो हप्ते वेळेवर भरल्याचा. एका पृच्छेनें फारसें बिघडत नाहीं. पण थोड्या आठवड्यांत चारपांच पृच्छा दिसल्या, कीं गृहस्थ अडचणींत आहे किंवा इतरांनीं त्यास परत पाठविलें आहे, असा तर्क केला जातो. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्यास मात्र गुण कमी होत नाहींत. प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां तो फुकट मिळतो.

आतां अडचण पाहा. पेरणी तोंडावर आली असतां एका बँकेनें ताटकळत ठेवलें, म्हणून शेतकरी दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज करतो. अहवालांत तीन पृच्छा उमटतात. पाऊस वेळेवर आला आणि बँक वेळेवर वागली नाहीं, हें कारण कोठेंच उमटत नाहीं. जुन्या सावकाराच्या वहींत पुष्कळ अन्याय होता, पण हें कारण त्यास ठाऊक तरी असे. २०२५ च्या मे महिन्यांत पीककर्जासाठीं सिबिलचा आग्रह धरूं नये, असें राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं बँकांना बजावलें, तें याच दुखण्यावर. त्याच वर्षीं, पूर्वीं कर्जच घेतलेलें नाहीं एवढ्याच कारणावरून पहिल्यानें मागणाराचा अर्ज फेटाळूं नये, अशीहि रिझर्व्ह बँकेची सूचना निघाली.

आपला अहवाल कोणी पाहिला, तर आतां तसा संदेश आपणांस यावयास हवा. न मागितलेल्या कर्जाची पृच्छा त्यांत आढळली, तर त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तिचें निवारण ३० दिवसांत न झाल्यास पुढें दरदिवशीं १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तक्रारीच्या अर्जाची पोंच मात्र जपून ठेवावी.